न दिसणाऱ्या शिखराची दिशा

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यातही दिसू लागले. त्यानंतरची कितीतरी वर्षे गच्च्यांवर एक संवाद नित्य ऐकू येत असे. वर एकजण एरियल फिरवी, खाली दुसरा पडद्यासमोर बसे, आणि जिन्यात उभा असलेला तिसरा दोघांचे निरोप पोचवी. ‘आता?’ ‘नाही.’ ‘आता?’ ‘आलं, आलं, थांब!’ या पद्धतीने हजारो एरियल सिंहगडाकडे तोंड करून बसली. त्यासाठी कोणी नकाशा उघडला नाही की होकायंत्र हाती घेतले नाही.

ही चाचपडण्याची पद्धत वाईट नव्हे. परंतु ती एका अटीवर चालते. ज्याचा शोध घ्यावयाचा ते केंद्र त्या क्षणी चालू असले पाहिजे, आणि त्याचा आवाज वा चित्र थोडे तरी पोचत असले पाहिजे. काहीच येत नसेल तर मात्र माणूस अडतो. एरियलचे तोंड चुकले आहे, की पलीकडचे केंद्रच मुके झाले आहे? हा प्रश्न नुसत्या चाचपडण्याने कधीही सुटत नाही. आणि तो नेमका अडचणीच्या वेळी उभा राहतो. म्हणून घरातून दूरच्या केंद्राची दिशा, त्या केंद्राची मदत न घेता, कशी काढावी हे येथे पाहावयाचे आहे. उदाहरणासाठी हौशी रेडिओवाल्यांचे पुनःप्रक्षेपण केंद्र, म्हणजेच त्यांच्या बोलीतला ‘रिपीटर’, घेऊ.

रिपीटर डोंगरावर का?

परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना मिळविलेल्या हौशी रेडिओवाल्यांना आपल्या देशात जे लहरपट्टे दिलेले आहेत, त्यांपैकी एक १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आहे. या लहरींची लांबी सुमारे दोन मीटर असते. हातात मावणाऱ्या संचाने या पट्ट्यावर बोलता येते. मात्र या लहरी बव्हंशी सरळ जातात. जमिनीच्या गोलाईमागे किंवा टेकडीआड त्या फारशा वळत नाहीत. त्यामुळे किती दूर बोलता येईल हे संचाच्या शक्तीपेक्षा एरियलच्या उंचीवर अधिक अवलंबून असते.

याचा एक सोपा ठोकताळा आहे. एरियलची आसपासच्या सपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ४.१ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे त्या एरियलचे क्षितिज किती किलोमीटरांवर आहे ते. नऊ मीटर उंचीच्या गच्चीवरून हे क्षितिज सुमारे १२ किलोमीटरांवर येते. सपाट मुलखात अशा दोन गच्च्यांवरील माणसे फार तर चोवीस-पंचवीस किलोमीटरांवरून बोलू शकतील. आता सिंहगड घ्या. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,३१२ मीटर आहे आणि पुण्याची सुमारे ५६०. म्हणजे गड शहराहून साडेसातशे मीटर वर आहे. त्याचे वर्गमूळ २७ च्या थोडे वर. म्हणून त्याचे क्षितिज शंभर किलोमीटरांच्याही पलीकडे जाते.

रिपीटर म्हणजे अशा उंच जागी बसविलेला, एका लहरीवर ऐकणारा आणि तेच बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर पुन्हा सोडणारा संच. दोन मीटरच्या पट्ट्यावर या दोन लहरींत बहुधा ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. चावडीवर उभे राहून सर्वांचे निरोप मोठ्याने पुन्हा सांगणाऱ्या माणसासारखे त्याचे काम असते. एकमेकांना न दिसणाऱ्या दोन गावांतील माणसे त्याच्यामुळे बोलू शकतात. मात्र प्रत्येकाचा आवाज प्रथम त्या शिखरापर्यंत पोचला पाहिजे. जवळच्या माणसाला साधे उभे एरियल पुरते. दूरच्याला दिशा धरणारे एरियल लागते.

किती अचूक हवे?

दिशा धरणारे एरियल आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. दूरदर्शनसाठी गच्च्यांवर उभारलेले, एका दांड्यावर अनेक कांड्या बसविलेले एरियल त्याच जातीचे. जपानमधील तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ते १९२६ च्या सुमारास जगापुढे मांडले आणि यागी-उदा या नावाने ते ओळखले जाते. त्याचे काम विजेरीच्या आरशासारखे आहे. सगळीकडे सांडणारा प्रकाश आरसा जसा एका बाजूस वळवितो, तसे हे एरियल शक्ती एका बाजूस वळविते आणि ऐकतेही मुख्यतः त्याच बाजूचे.

पण विजेरीचा झोत काही सुईच्या टोकाएवढा नसतो. तीन कांड्यांच्या यागीचा झोत सुमारे ६० अंश रुंद असतो. म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे तीस-तीस अंश गेल्यावर शक्ती निम्मी होते. पाच-दहा अंशांची चूक अशा एरियलला जाणवतही नाही. दहा-बारा कांड्यांच्या लांब एरियलचा झोत मात्र तीस-पस्तीस अंशांवर येतो, आणि तेथे दहा अंशांची चूक बोचू लागते. तेव्हा पाच अंशांपर्यंतची अचूकता हे आपले उद्दिष्ट धरावे. ते सोपे आहे. पण घरोघरी होणाऱ्या चुका पाच अंशांच्या नसतात. त्या चाळीस अंशांच्या, कधी नव्वद अंशांच्या असतात. ‘गाव साधारण तिकडे आहे’ या समजुतीवर विसंबल्याने त्या होतात. रस्ता ज्या बाजूने गावाबाहेर पडतो तीच गावाची दिशा, असे आपले मन धरून चालते; आणि रस्ता तर पहिल्याच वळणावर तोंड फिरवितो.

आकड्यांवरून दिशा

दिशा सांगण्याची शास्त्रीय रीत अशी की, उत्तरेस शून्य धरून उजवीकडे मोजत जावयाचे. पूर्व ९० अंश, दक्षिण १८०, पश्चिम २७०. या मापास दिगंश म्हणतात. तो काढण्यासाठी दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश पुरतात, आणि ते आज कोणत्याही भ्रमणध्वनीतील नकाशावर मिळतात. अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात. अक्षांशाची एक कला म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. रेखांशाची कला उत्तरेकडे जावे तसतशी आखडत जाते. पुण्याच्या अक्षांशावर ती सुमारे १.७६ किलोमीटर भरते.

समजा, रिपीटर सिंहगडावर आहे आणि आपले घर शनिवारवाड्याजवळ आहे. शनिवारवाडा १८ अंश ३१.२ कला उत्तर आणि ७३ अंश ५१.३ कला पूर्व येथे आहे. सिंहगड १८ अंश २२ कला उत्तर आणि ७३ अंश ४५.४ कला पूर्व येथे. वजाबाकी केली असता गड आपल्या दक्षिणेस ९.२ कला, म्हणजे १७ किलोमीटर, आणि पश्चिमेस ५.९ कला, म्हणजे १०.४ किलोमीटर आहे असे निघते. आता आलेखाच्या कागदावर एका बिंदूपासून सरळ खाली १७ सेंटिमीटर यावे, तेथून डावीकडे १०.४ सेंटिमीटर जावे, आणि तो शेवटचा बिंदू पहिल्याशी जोडावा. ही तिरपी रेषाच आपली दिशा. कोनमापक लावला तर ती दक्षिणेपासून पश्चिमेकडे साडेएकतीस अंश कललेली दिसेल. १८० मध्ये ते मिळविले की दिगंश सुमारे २१२. रेषेची लांबी मोजली तर वीस सेंटिमीटर, म्हणजे वीस किलोमीटर. मोटारीने तोच गड याहून बराच लांब पडतो हे सर्वांना ठाऊक आहे. लहरीला घाट चढावा लागत नाही.

दुसरे घर बारामतीस घेऊ. बारामती सुमारे १८ अंश ९ कला उत्तर आणि ७४ अंश ३५ कला पूर्व येथे आहे. त्याच रीतीने सिंहगड तिच्या पश्चिमेस ८७ किलोमीटर आणि उत्तरेस २४ किलोमीटर निघतो. दिगंश सुमारे २८५, अंतर ९० किलोमीटर. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याचा माणूस गडाला नैर्ऋत्येस म्हणणार, आणि बारामतीचा पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे. शेजारच्याचे एरियल पाहून आपले लावणे हे एका गल्लीत ठीक आहे. दुसऱ्या गावात त्याचा उपयोग नाही.

एवढ्या अंतरांना पृथ्वी सपाट धरली तरी चालते. हजारो किलोमीटरांचा प्रश्न असेल तर चालत नाही. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेस, थोडे उत्तरेकडे दिसते. गोलावर दोरा ताणून पाहिला तर जवळची वाट उत्तरेपासून पश्चिमेकडे केवळ २७ अंशांवरून निघते. अमेरिकेशी बोलू इच्छिणारा मुंबईकर आपले एरियल जवळजवळ उत्तरेस रोखतो ते यामुळेच. हा प्रश्न रेडिओच्या कितीतरी आधीचा आहे. अल्-बिरूनीने गझनी येथे १०२५ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात शहरांची स्थाने ठरविण्याचा विचार करून गझनीहून मक्केची दिशा गणिताने काढली होती. नमाजासाठी तोंड कोणीकडे करावे हा त्याचा प्रश्न होता. घरातून न दिसणाऱ्या जागेकडे तोंड करणे, एवढेच त्यात आणि आपल्या प्रश्नात समान आहे. पण तेवढे पुरेसे आहे.

माझी उत्तर कोठे आहे?

आकडा हाती आला म्हणजे काम झाले असे वाटते. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. २१२ अंश हे उत्तरेपासून मोजलेले आहेत. आणि आपल्या गच्चीवर उत्तर कोठे लिहिलेली नाही.

प्रथम होकायंत्राचा विचार करू. होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तर दाखवीत नाही, चुंबकीय उत्तर दाखविते. या दोहोंतील कोनास दिक्पात म्हणतात. आपल्या सुदैवाने पुण्या-मुंबईकडे तो सध्या एका अंशाहूनही कमी आहे. तो आपण खुशाल विसरावा. केप टाऊनच्या माणसाला असे विसरून चालणार नाही, कारण तेथे तो वीस अंशांहून अधिक आहे.

मग आपल्याकडे होकायंत्र अगदी बिनचूक म्हणावे काय? नाही. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. कठड्यातून सळ्यांची टोके वर आलेली असतात. जवळ पाण्याची टाकी, लोखंडी जिना, पत्र्याची शेड असते. यांतील प्रत्येक वस्तू सुईला आपल्याकडे ओढते. स्लॅबवर ठेवलेल्या होकायंत्राची चूक सहज दहा-पंधरा अंशांची होऊ शकते. आणि ज्या लोखंडी खांबावर एरियल बसवावयाचे, त्यालाच होकायंत्र टेकवून माप घेणारेही पुष्कळ असतात!

लोखंड आणि वीज यांचा हा उपद्रव किती खरा आहे याची साक्ष अलिबागेस आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घेतली जात होती. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तेथे झाली, आणि ती आजही जगभर अभ्यासली जाते. पुढे मुंबईच्या घोड्यांच्या ट्रॅमगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले. त्या विजेने सुया बिघडणार हे ओळखून चुंबकीय वेधशाळा अलिबागेस नेली, आणि १९०४ पासून तेथे मापे घेतली जाऊ लागली. तेथील मापनाची घरे लोखंड टाळून बांधली आहेत. शास्त्रज्ञांनी जेथे खाडी ओलांडून जागा बदलली, तेथे आपण सळ्यांच्या जाळीवर उभे राहून सुईवर श्रद्धा ठेवावी हे बरे नव्हे.

भ्रमणध्वनीचेही तसेच. उपग्रहांच्या साह्याने तो कोठे आहे हे त्यास काही मीटरांपर्यंत कळते. पण तो कोणीकडे तोंड करून आहे हे उभ्या जागी उपग्रह सांगत नाहीत. ते त्याच्या पोटातील इवल्या चुंबकमापकावरून ठरते, आणि तो मापकही लोखंडाला तितकाच फसतो. तेव्हा जागेच्या आकड्यासाठी त्यावर विसंबावे. दिशेच्या बाणावर मात्र तपासल्यावाचून विसंबू नये. होकायंत्र वापरावयाचेच असेल तर ते कमरेच्या वर धरून गच्चीच्या चार-पाच निरनिराळ्या जागी, आणि शक्य तर खाली मोकळ्या मैदानात, एकाच दूरच्या खुणेकडे पाहून माप घ्यावे. सर्व मापे जुळली तर ठीक. न जुळली तर सुई खोटे बोलते आहे हे कळले.

सूर्य आणि ध्रुव

लोखंडाला न भुलणारा साक्षीदार म्हणजे सूर्य. सावलीवरून दिशा काढण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारात तिचे वर्णन आहे, आणि शुल्बसूत्रांतही यज्ञभूमीच्या आखणीसाठी ती आलेली आहे. सपाट जागी एक काठी ओळंब्याने अगदी उभी करावी. हिलाच शंकू म्हणत. तिच्या बुडाशी मध्य धरून एक वर्तुळ काढावे. सकाळी काठीची सावली लांब असते. ती आखडत आखडत वर्तुळाच्या आत शिरते. शिरण्याच्या क्षणी टोकाशी खूण करावी. दुपारनंतर ती पुन्हा लांबत जाऊन वर्तुळाबाहेर पडते. तेथे दुसरी खूण करावी. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. दोन्ही जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात काढलेली रेषा उत्तर-दक्षिण. या रीतीला घड्याळ लागत नाही, आकडेमोड लागत नाही, आणि येणारी चूक एखाद्या अंशाच्या आत राहते.

घड्याळ लावून दिशा काढणाऱ्यांची मात्र एक फसगत होते. बारा वाजता सूर्य नेमका दक्षिणोत्तर रेषेवर येतो असे ते समजतात. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ दाखविते. पुणे त्याच्या पश्चिमेस साडेआठ अंशांहून थोडे अधिक आहे, आणि दर अंशास चार मिनिटे लागतात. म्हणून पुण्याचा माध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होतो. ऋतुमानाप्रमाणे त्यात पुढेमागे पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत फरक पडतो. एप्रिल-मे महिन्यांत तो १२ वाजून ३१ ते ३९ मिनिटांच्या दरम्यान येतो.

पण याच महिन्यांत माध्यान्हीची सावली घेऊ नये, हे वसंतातील श्रोत्यांना मुद्दाम सांगितले पाहिजे. मेच्या मध्याच्या सुमारास पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काही क्षण उभ्या काठीला सावलीच उरत नाही. पुढे जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो आणि माध्यान्हीची सावली दक्षिणेस पडते. ‘दुपारची सावली म्हणजे उत्तर’ हा नियम पाठ करून बसलेला माणूस या काळात एरियल बरोबर उलटे लावील. वर्तुळाची रीत मात्र तेव्हाही चालते. वर्तुळ पुरेसे मोठे घ्यावे, म्हणजे सकाळी साडेनऊच्या व दुपारी साडेतीनच्या सुमाराच्या लांब सावल्या हाती येतात.

बारामतीकरांना तर सूर्य याहूनही सोपी खूण देतो. विषुवदिनी सूर्य नेमका पश्चिमेस मावळतो; उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकत जातो. एप्रिलच्या अखेरीस बारामतीहून तो सुमारे २८५ अंशांवर मावळतो. हीच सिंहगडाची दिशा आपण वर काढली होती. म्हणजे त्या संध्याकाळी क्षितिज मोकळे असेल तर मावळता सूर्य गडाकडे बोट दाखवितो. ऑगस्टच्या मध्याकडे तो परतताना पुन्हा त्याच जागी येतो, पण तेव्हा ढगांमुळे तो दिसेलच असे नाही. सूर्य तळपत असताना मात्र त्याकडे डोळ्यांनी पाहू नये. अगदी क्षितिजाशी टेकल्यावर जागेची खूण तेवढी करावी.

रात्रीचा साक्षीदार ध्रुव. वसंतातल्या संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेकडे उंच असतात. त्यांच्या चौकोनातील पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे पाचपट वाढविली की ध्रुव सापडतो. पुण्याहून तो क्षितिजावर सुमारे साडेअठरा अंश दिसतो, कारण आपला अक्षांश तेवढाच आहे. खऱ्या उत्तरेपासून तो एका अंशाहूनही कमी ढळतो. गच्चीवर दोन ओळंबे पाच-सहा हात अंतरावर टांगावे, आणि मागून पाहत दोन्ही दोऱ्या व ध्रुव एका रेषेत आणावे. खाली दोन्ही ओळंब्यांची टोके जोडली की उत्तर-दक्षिण रेषा तयार होते. हिला कोणतेही लोखंड हलवू शकत नाही.

याशिवाय एक चौथी रीत आहे, आणि शहरवासीयांना तीच बहुधा सर्वांत सोयीची वाटेल. गड दिसत नसला तरी दुसरी एखादी ओळखीची जागा दिसत असते. शनिवारवाड्याजवळच्या उंच गच्चीवरून पर्वतीचे देऊळ घ्या. वरच्याच रीतीने आकडेमोड केली तर पर्वतीचा दिगंश सुमारे २०० निघतो. सिंहगडाचा २१२. म्हणजे पर्वतीकडे तोंड करून बारा अंश उजवीकडे वळले की झाले. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते. मुठीहून किंचित अधिक. येथे उत्तर शोधण्याची गरजच उरली नाही. मात्र खूण जवळची असेल तर आपल्या घराची जागा नेमकी घ्यावी. पर्वती अडीच-पावणेतीन किलोमीटरांवर आहे. घराच्या जागेत शंभर मीटरांची चूक केली तर दिशेत दोन अंशांची पडते.

दिशा बरोबर, तरी आवाज नाही

इतके करून रेषा मिळाली, एरियल लावले, तरी काही गोष्टी उरतात. पहिली, कांड्या उभ्या की आडव्या? रिपीटरची एरियल बहुधा उभी असतात, कारण मोटारींवरची व हातातल्या संचांची एरियल उभी असतात. म्हणून आपल्या यागीच्या कांड्याही उभ्या ठेवाव्या. दूरदर्शनच्या आडव्या कांड्यांच्या सवयीने येथे फसू नये. तोंड वर करण्याचे मात्र कारण नाही. वीस किलोमीटरांवरून गडाचा चढ दोन अंशांचाच भरतो.

दुसरी, वाटेतले डोंगर. बारामतीहून सिंहगडाकडे जाणारी रेषा पुरंदरच्या उत्तरेने, त्याच्यापासून तीन-चार किलोमीटरांवरून जाते. पुरंदर सिंहगडाहूनही उंच आहे, आणि बारामतीहून पाहता दोन्ही गडांच्या दिशांत अवघ्या दोन-तीन अंशांचा फरक आहे. म्हणजे दिशा बिनचूक असूनही त्या डोंगररांगेच्या सावलीत आपण सापडू शकतो. तेथे एरियल फिरवून उपयोग नाही. ते उंच करावे, किंवा दुसऱ्या शिखरावरचा रिपीटर पाहावा. उलट, कधीकधी भलत्याच दिशेला अधिक जोर लागतो. एखाद्या कड्यावरून वा मोठ्या इमारतीवरून परावर्तित होऊन लहर तिकडून येत असते. आपली रेषा पक्की असेल तरच हे परावर्तन आहे असे ओळखता येते.

तिसरी, शेवटची तपासणी. रिपीटर चालू असताना एरियल हळूहळू फिरवून पाहावे. या पट्ट्यावरील बोलण्याचा आवाज दिशेबरोबर फारसा लहानमोठा होत नाही. बदलते ती त्यामागची खरखर. म्हणून कानाने आवाजाकडे नव्हे, खरखरीकडे लक्ष द्यावे. सर्वांत चांगली जागा शोधत बसू नये, कारण झोताचा माथा चपटा असतो. डावीकडे खरखर वाढू लागते ती जागा आणि उजवीकडे वाढू लागते ती जागा अशा दोन खुणा कराव्या आणि त्यांचा मध्य घ्यावा. हा मध्य आपल्या आखलेल्या रेषेशी पाच-दहा अंशांत जुळला, तर दोन्ही रीतींनी एकमेकींची ग्वाही दिली. हे सारे करताना विजेच्या तारांपासून एरियल दूर ठेवावे, आणि वळवाचे ढग दिसताच गच्ची सोडावी.

रेषा कठड्यावर असावी

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. भ्रमणध्वनी हातात असता रिपीटर कोणाला हवा?

२६ जानेवारी २००१ रोजी भूजला भूकंप झाला आणि दूरध्वनीची व्यवस्था कोलमडली. तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी तेथे जाऊन केंद्रे मांडली आणि निरोप बाहेर पोचविले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली त्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी याच छंदासाठी पोर्ट ब्लेअरला केंद्र मांडून बसलेले होते. अंदमानातील माणसांची खुशाली मुख्य भूमीस कळविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पुण्याला तर दाखले बाहेरून आणण्याचेही कारण नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि नदीकाठचे शहर पाण्याखाली गेले. पलीकडच्या तीरावर आपले माणूस आहे की नाही, हे न कळणे म्हणजे काय, ते त्या पिढीने भोगले आहे.

अशा दिवशी वारा एरियलचे तोंड फिरवून टाकतो. वीज गेलेली असते. रिपीटर बॅटरीवर, क्वचितच बोलत असतो. ‘आता?’ ‘नाही’ करीत बसण्यास खाली कोणी नसते. घरात ज्याला हे सर्व ठाऊक तो माणूसच कदाचित बाहेर अडकलेला असतो. अशा वेळी उपयोगी पडते ती शांत दिवसांत काढून ठेवलेली रेषा. म्हणून ती डोक्यात ठेवू नये. गच्चीच्या कठड्यावर रंगाने आखावी. जवळ केंद्राचे नाव, दिगंश आणि अंतर लिहावे. आणि घरातल्या मुलामाणसांना ती दाखवून ठेवावी. दोन-तीन केंद्रे असतील तर तितक्या रेषा आखाव्या. मग एरियल त्या रेषेवर फिरविल्यावरही काही ऐकू आले नाही, तर निदान एवढे निश्चित कळते की आपले तोंड चुकलेले नाही. तेव्हा दुसऱ्या रेषेकडे वळावे, किंवा केंद्र पुन्हा बोलू लागेपर्यंत कान देऊन बसावे. संकटात इतके कळणेही थोडे नसते.

येत्या रविवारी सकाळी गच्चीवर एक काठी उभी करावी आणि खडूने वर्तुळ काढावे. संध्याकाळपर्यंत आपल्या घराची उत्तर आपल्याला कळलेली असेल. परवाना, संच, एरियल ही पुढची गोष्ट. रेषा तोवर वाट पाहील.